यूट्यूबवर सगळं आहे, मग क्लास कशाला?

पत्र : "नमस्कार ताई. माझा मोठा मुलगा यंदा दहावीला आहे, मराठी माध्यमात. आमच्या घरात तेलुगू बोलतात. मी घरी विड्या वळते, हे यंत्रमागावर जातात. माझं शिक्षण तेलुगू शाळेत पाचवीपर्यंत झालं, त्यामुळं त्याचा अभ्यास मला बघता येत नाही. हे पत्रसुद्धा भाचीकडून लिहून घेतेय. गल्लीतल्या बऱ्याच मुलांनी क्लास लावलाय, फी २५ हजार. आम्ही मालकाकडून उचल घेऊन भरायला तयार आहोत, पण मुलगा म्हणतो क्लास नको, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. रोज रात्री दोन-तीन तास मोबाइल घेऊन बसतो. अभ्यास करतो की दुसरं काही, मला कळत नाही. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ९ पडले. सर म्हणाले, उत्तरं बरोबर आहेत पण रीत नाही, मोबाइलवरचं गणित मोबाइलवरच सोडव. त्यात आता त्यानं आणि शेजारच्या मित्रानं मिळून स्वतःचं चॅनल काढलंय. आठवीच्या मुलांना गणितं समजावतात, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. ह्यांना कळलं तेव्हा घरात मोठं भांडण झालं. मोबाइल काढून घ्यावा का? क्लास लावावा का? – एक आई, पूर्व भाग, सोलापूर"

ताई, नमस्कार.

आधी थेट सांगते. उचल घेऊन २५ हजारांचा क्लास लावू नका. मोबाइल काढून घेऊ नका. आणि ते चॅनल बंद करायला लावू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती त्या चॅनलबद्दलच वाचताना. पण आज तो ज्या पद्धतीनं मोबाइलवर अभ्यास करतोय, ती मात्र बदलायला हवी, आणि ती बदलायला तुमची मदत लागणार आहे. तुम्ही पाचवी शिकलात म्हणून तुम्हाला काही करता येणार नाही, ही समजूत आधी मनातून काढून टाका.

"यूट्यूबवर सगळं आहे" हे मुलाचं म्हणणं खोटं नाही. सगळं नसलं तरी पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं साध्या माणसांनीच केलेलं आहे. पूर्वी शिकायचं साहित्य वरून खाली यायचं. बालभारतीचं पुस्तक, बाजारातलं गाईड, फार तर रेडिओवरचा एखादा पाठ. लिहिणारे ठरावीक, वाचणारे आपण. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला, तिथं कुणीही लिहावं आणि कुणीही चूक दुरुस्त करावी अशी सोय झाली. मराठी विकिपीडिया २००३ सालचा. २००५ साली यूट्यूब आलं. त्याच सुमाराला अमेरिकेत सलमान खान नावाचा एक तरुण (सिनेमातला नव्हे) नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला लांबूनच गणित शिकवत होता. ते २००४ साल होतं. आणखी भावंडं विचारायला लागली म्हणून २००६ पासून तो समजावून सांगितलेलं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू लागला. त्यातून खान अकादमी उभी राहिली, आणि आज तिचे मराठीतले धडेही फुकट बघता येतात. सुरुवात कुठून झाली बघा. घरातल्या एका पोरीला गणित जड जात होतं, तिथून.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. मुलांच्या घरच्या भाषेत त्यांनी मजकूर आणला. पुढं राज्यानं सगळ्याच पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ते एकटे नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कितीतरी तंत्रस्नेही शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खर्चानं धडे तयार केले. २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झालं, २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली, आणि हे सगळं घराघरांत पोचलं. तुमचा मुलगा त्या वेळी तिसरी-चौथीच्या आसपास असेल. मोबाइलवर शिकायची सवय त्याला शाळेनंच लावली आहे, हे त्याच्या वडिलांनाही सांगा.

आता २० पैकी ९ कडे येऊ. उत्तरं बरोबर आणि रीत नाही, हे सरांचं वाक्य या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि माझ्या मते सरांचं बरोबर आहे. दहावीच्या गणितात वर्गसमीकरणं नावाचा धडा आहे. त्यात असं उदाहरण येतं : क्ष वर्ग उणे १५ क्ष अधिक ५४ बरोबर शून्य, तर क्ष किती? "दहा सेकंदांत उत्तर" म्हणणारा व्हिडिओ सांगतो, गुणाकार ५४ आणि बेरीज १५ येणारे दोन आकडे शोधा, ९ आणि ६, झालं, हेच उत्तर. उत्तर खरंच ९ आणि ६ आहे. पण बोर्डाच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात. मधल्या १५ क्ष ची फोड करून ९ क्ष आणि ६ क्ष लिहायचे, दोन-दोन पदांतून सामाईक काढायचं, मग क्ष उणे ९ आणि क्ष उणे ६ यांचा गुणाकार शून्य आहे असं मांडायचं, आणि त्यावरून म्हणायचं की दोघांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. ज्यानं हे सगळं वगळून नुसतं "९, ६" लिहिलं, त्याचे बरेच गुण गेले. तुमच्या मुलाचं असंच झालं असावं.

गुण जाणं हा निम्माच तोटा. "दोघांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे" ही पायरी का खरी आहे, हे ज्याला कळलं त्याला पुढची उदाहरणंही येतात, अकरावीचं गणितही जड जात नाही. ज्याला फक्त ट्रिक आली, तो आकडे जरा अवघड झाले की अडतो. पन्नास हजार लोकांनी बघितलेला व्हिडिओ असला तरी तो तुमच्या मुलाला थांबवून विचारत नाही, "बाळा, हे का?" व्हिडिओ चालू असताना सगळं समजतंय असं वाटतं. सांगणारा सराईत असतो, त्याच्या हातून गणित सरसर सुटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की आपल्यालाही आलं. वही उघडली की कळतं, आलेलं नाही. मोठ्या माणसांचंही तसंच होतं, त्यामुळं पोराला दोष देऊ नका.

म्हणून रोज रात्रीचं काम असं लावा. व्हिडिओ आधी डाउनलोड करून घ्यायचा, मग मोबाइलचा डेटा बंद. डेटा चालू राहिला की एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि मध्येच शॉर्ट्स येतात. दोन-तीन तास जातात ते तिथं. मांडीवर वही, हातात पेन्सिल. व्हिडिओतलं उदाहरण मधूनच थांबवून आधी आपण सोडवायचं, मग पुढं बघायचं. त्यानंतर मोबाइल बाजूला, पुस्तक पुढ्यात, आणि त्याच धड्याचा सरावसंच. सरावसंच झाल्याशिवाय दुसरा व्हिडिओ नाही. धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, तो बरीच मुलं सोडून देतात. तो पूर्ण झाला की धडा झाला असं धरा.

मग तुमचं काम. विड्या वळताना तुमचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्याला समोर बसवा आणि म्हणा, आज जे शिकलास ते मला सांग. तेलुगूत सांगितलं तरी चालेल. तेलुगूतच सांगू दे. तुम्हाला गणित यायची गरज नाही. तुम्ही फक्त एकच प्रश्न विचारायचा : "हे का?" दोन आकड्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यातला एक शून्य असणारच, हे तुम्हालाही कळेल, कारण पाच गुणिले काहीतरी शून्य व्हायला ते काहीतरी शून्यच असावं लागतं. तो जिथं अडखळेल, "ते तसंच असतं" म्हणेल, किंवा चिडेल, त्या जागी पेन्सिलनं खूण करायला सांगा. तेवढीच जागा त्याला दुसऱ्या दिवशी सरांना विचारायची आहे. दहा मिनिटं पुरतात. अभ्यास करतो की दुसरं काही, हे तुम्हाला कळत नाही म्हणालात ना? या दहा मिनिटांत रोज कळेल, मोबाइल तपासायची गरजही उरणार नाही.

कुठला व्हिडिओ बघायचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर थोडं सविस्तर सांगते, कारण इथं मुलं फार फसतात. पहिली गोष्ट बोर्डाची. हिंदीतले मोठमोठे चॅनल बहुतेक केंद्रीय बोर्डाच्या अभ्यासक्रमावर चालतात. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. केंद्रीय बोर्डात तो विषय नववीत शिकवतात. आपल्याकडं दहावीला भिंगं आहेत आणि आरसे नववीत होऊन जातात. तिकडं दहावीत दोन्ही एकत्र येतात. म्हणजे मुलगा मन लावून तासभर जे बघतो ते कधीकधी त्याच्या परीक्षेत नसतंच, आणि जे आहे ते राहून जातं. हिंदीतल्या संज्ञा पेपरात उतरतात ते आणखी वेगळं. दुसरी गोष्ट सालाची. राज्य बोर्डाचं दहावीचं पुस्तक २०१८ साली बदललं. त्याच्या आधीचे व्हिडिओ अजूनही तिथंच आहेत आणि शोधलं की समोर येतात. पुस्तक बदलतं, व्हिडिओ आपणहून बदलत नाही. म्हणून व्हिडिओच्या खालची तारीख आणि बोर्डाचं नाव बघितल्याशिवाय सुरुवात करायची नाही. सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे पुस्तकातलाच क्यूआर कोड. तो सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य उघडतं, आणि मध्ये जाहिराती येत नाहीत. ते आकर्षक नसेल, पण धडा तोच असतो.

सांगणारा कितपत भरवशाचा आहे हे ओळखायची एक युक्ती आहे, ती त्याला शिकवाच. आपल्याला ज्यातलं पक्कं माहीत आहे, त्या विषयावरचं त्याच चॅनलचं किंवा तशाच माणसाचं काहीतरी आधी बघायचं. सोलापूरच्या पोराला चार हुतात्मे माहीत नाहीत असं होत नाही. आठवीच्या इतिहासातही ते आहेत. १९३० च्या मे महिन्यात इथं काय घडलं यावरचे व्हिडिओ शोधा म्हणावं. कुणी सांगतं शहर तीन दिवस स्वतंत्र होतं, कुणी म्हणतं चार दिवस. कशावरून म्हणतोस ते दोघांपैकी कोण सांगतं, ते बघायचं. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, १२ मे १९३० ला लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात. एखादा जोशात सांगणारा फाशी सोलापुरातच दिली म्हणत असेल, तर बाकीचं ऐकताना सावध राहायचं. आवाज चांगला आहे, मागं संगीत आहे, बघणारे लाखभर आहेत, यातून माहिती खरी आहे हे ठरत नाही.

आणि तुम्हीही हे करून बघा, ताई, मुलाला शेजारी बसवून. विड्या कशा वळतात यावरचा एखादा व्हिडिओ लावा. पान किती वेळ भिजवायचं, किती ओलं असताना कापायचं, तंबाखू किती भरायची, दोरा कुठं आवळायचा, यातलं सांगणाऱ्याला खरंच माहीत आहे की तो कुठून तरी ऐकून बोलतोय, हे तुम्हाला पहिल्या मिनिटात कळेल. मुलाला दाखवा की आईला हे कसं कळलं. काम केलेल्या माणसाचे कान वेगळे असतात. गणितात त्याचे कान तसे व्हायला हवेत, आणि ते वही भरूनच होतील. या एका संध्याकाळी त्याला जे समजेल ते मी इथं कितीही लिहून समजणार नाही, आणि तुम्हालाही त्याच्या अभ्यासाची भीती कमी वाटेल.

विकिपीडियाबद्दल थोडक्यात सांगते. मुलं तिथून प्रकल्पाच्या वहीत उतरवतात. वाचायला हरकत नाही, पण लेखाच्या खाली संदर्भ दिलेत का ते बघायचं, आणि वर "इतिहास" आणि "चर्चा" असं लिहिलेलं असतं तिथं टिचकी मारायची. कुणी काय बदललं, कशावरून वाद झाला, सगळं उघड असतं. ज्या लेखाला एकही संदर्भ नाही त्यातलं वहीत उतरवायचं नाही. एखादी चूक सापडली, आपल्याकडं खात्रीचं पुस्तक असलं, तर दुरुस्तही करायची. तो हक्क त्यालाही आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय ज्या गावात आहे तिथल्या मुलाला पुस्तकात बघून खात्री करणं अशक्य नाही.

आता एक सावधगिरी. व्हिडिओ करणाऱ्यांत मनापासून शिकवणारे आहेत, तसे फक्त बघणारे गोळा करणारेही आहेत. यूट्यूबवर जाहिरातींतून पैसे मिळायला आधी एक हजार सबस्क्राइबर लागतात आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा शॉर्ट्सना तीन महिन्यांत एक कोटी व्ह्यूज. त्यामुळं काही जण मुलांच्या भीतीवर चालतात. "हे दहा प्रश्न केले की पास", "एका रात्रीत भूमिती", असले मथळे फेब्रुवारीत वाढत जातात. ऐन परीक्षेत टेलिग्रामवर "पेपर फुटला, पैसे पाठवा" असे निरोप फिरतात. ते फसवणुकीचे असतात, आणि खरे निघाले तर गुन्हा आहे. अशा ग्रुपमध्ये मुलगा असेल तर बाहेर पडायला लावा, या बाबतीत मऊपणा नको.

चॅनलकडे वळते. तुमच्या घरातलं भांडण मला समजतं. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर मुलगा मोबाइलसमोर बोलत बसलेला दिसला की राग येणारच. पण जरा वेगळं बघा. आठवीच्या मुलाला गणित समजावायचं तर आधी ते आपल्याला पायरीपायरीनं यावं लागतं. समोरचा विचारतो, "दादा, हे कसं आलं?" मग ट्रिक चालत नाही. चाचणीत जी रीत राहून गेली, ती रीत त्याला चॅनलवर सांगावीच लागेल. व्हिडिओ बघताना त्याला कुणी प्रश्न विचारत नव्हतं, चॅनलवर विचारणारे आहेत. मागावर नवा आलेला पोरगा दुसऱ्याचं काम बघून शिकत नाही, तुटलेला धागा स्वतः जोडायला लागला की शिकतो, हे त्याच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना तेवढंच सांगा की पोरानं धागा जोडायला घेतलाय.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. पूर्व भागात अशी कितीतरी घरं आहेत जिथं मूल घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी ऐकतं आणि मोबाइलवर हिंदी. मध्ये कुठंतरी त्याचं गणित अडकतं आणि सगळे म्हणतात पोराला डोकं नाही. अर्धं तेलुगू अर्धं मराठी असं गणित समजावणारे कितीसे मिळणार? ते काम मोठ्या कंपन्या करणार नाहीत, त्यांना त्यात पैसा दिसत नाही. पुस्तकही करू शकत नाही. ते तुमच्या मुलासारखाच कुणीतरी करू शकतो, ज्याला दोन्ही भाषा घरच्या आहेत आणि आठवीत आपण कुठं अडलो होतो ते अजून आठवतंय. परितेवाडीत गुरुजींनी मुलांच्या भाषेकडून सुरुवात केली होती, तुमचा मुलगा नकळत तिथंच पोचलाय. त्याला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते आईनं सांगितलं तर बरं.

चॅनल चालू ठेवायचं, पण काही गोष्टी पक्क्या ठरवून. दहावीच्या वर्षात आठवड्याला एकच व्हिडिओ, रविवारी. कॅमेरा फक्त वहीवर आणि हातावर. त्याचा चेहरा नको, आठवीच्या मुलांचे चेहरे आणि नावं तर अजिबात नकोत, शाळेचं नाव, गणवेश, फोन नंबर, घराची खूण काही दिसायला नको. त्या मुलांच्या आयांना तुम्ही स्वतः भेटून विचारा. खाली येणारे शेरे बंद ठेवता येतात, परीक्षेपर्यंत बंदच ठेवा. कुणी वेडंवाकडं लिहिलं की या वयात चार दिवस अभ्यासात लक्ष लागत नाही. ओळख नसलेल्या कुणी "मोबाइल नंबर दे, आपण मिळून करू" म्हटलं तर आधी तुम्हाला सांगायचं. माईक, दिवा, स्टँड यांवर एक रुपया खर्च करायचा नाही. खिडकीजवळचा सकाळचा उजेड पुरतो, आणि दोन डब्यांवर फळी टाकून मोबाइल ठेवता येतो. पैशाचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर हजार सबस्क्राइबर आणि चार हजार तास हे आकडे त्याला सांगा, आणि अठराच्या आतल्या मुलाला ते पैसे स्वतःच्या नावावर घेता येत नाहीत हेही. व्हिडिओत चूक झाली तर लपवायची नाही, पुढच्या व्हिडिओत "मागच्या वेळी इथं चुकलो" असं सांगून दुरुस्त करायची. ज्यांना शिकवतो त्यांचं तेवढं देणं लागतो.

हे सगळं नीट चालायला एका मोठ्या माणसाची नजर हवी, आणि ती त्याच्या गणिताच्या सरांची असावी असं मला वाटतं. सर रागावून बोलले खरे. पण वर्गात साठ मुलं असताना ज्याला आपण पायरी शिकवली तोच येऊन नुसतं उत्तर लिहितो, तेव्हा शिक्षकाला लागतं. त्या बोलण्यात मुलाबद्दल काळजीही असेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलाला घेऊन सरांना भेटा. मोबाइल नेऊ नका. वही न्या, ज्यात सरावसंच पायऱ्यांसकट सोडवलेला आहे आणि पेन्सिलच्या खुणा आहेत. सरांना म्हणावं, या खुणांच्या जागा तेवढ्या समजावून द्या. चॅनलबद्दल मुलानं स्वतः सांगावं आणि विचारावं, रविवारी जे टाकणार ते पान शनिवारी तुम्ही एकदा बघाल का? शिकवण्यात आयुष्य घातलेला माणूस याला सहसा नाही म्हणत नाही. नाहीच म्हणाले तर शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना विचारा. शाळा बाजूला टाकून दहावी होत नाही, हे व्यवहारानंही खरं आहे. गणितात चाळीस-चाळीसचे दोन पेपर असले तरी वीस गुण शाळेच्या हातात असतात, विज्ञानातही तसेच. ते वीस गुण यूट्यूब देत नाही.

क्लासचं शेवटी सांगते. सहामाही परीक्षेपर्यंत थांबा. तोपर्यंत वही, तुमची दहा मिनिटं, सर आणि रविवारचा व्हिडिओ एवढं नेमानं चाललं, तर फरक दिसेल. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात एकूण गुण बघू नका, पायऱ्या लिहिल्यात का ते बघा, भाची सांगेल. पायऱ्या आल्या आणि गुण थोडे कमी असले तर चिंता नको. पायऱ्या अजूनही नसतील, तर मग फक्त गणितासाठी, घराजवळची, आठ-दहा मुलांची शिकवणी लावा, महिन्याच्या महिन्याला फी घेणारी, म्हणजे उचल घ्यावी लागणार नाही. पैसे भरायच्या आधी तिथं एकच विचारा : मुलाची वही रोज कोण तपासतं? तपासणाऱ्याचं नाव सांगितलं तर लावा. "आम्ही व्हिडिओ देतो, नोट्स देतो" असं उत्तर आलं, तर भरू नका. तसे व्हिडिओ त्याच्याकडं आधीच आहेत.